गोळी कुठल्या पिस्तुलातून सुटली, हे कसं ठरवतात?

१६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून घरी परतत होते. सागरमाळ परिसरात, घराच्या जवळच, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. उमाताई वाचल्या. २० फेब्रुवारीला अण्णा, म्हणजे पानसरे, गेले. तेव्हापासून कोल्हापुरात ‘बॅलिस्टिक रिपोर्ट’ ही गोष्ट घराघरांत माहीत झाली. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश या चारही हत्यांच्या बातम्यांत ७.६५ मिलिमीटरची गोळी, तिची पुंगळी आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येत राहिला.

या अहवालाबद्दल लोक दोन टोकांना जाऊन बोलतात. काहींना वाटतं, मशिनमध्ये गोळी घातली की पिस्तुलाचा नंबर बाहेर येतो आणि विषय संपतो. काहींना वाटतं, असले अहवाल पाहिजे तसे लिहून मिळतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींनी न्यायाचं नुकसानच होतं. पानसरे खटला न्यायालयात आहे, त्यामुळे कोणी काय केलं याबद्दल इथे एक अक्षरही लिहिणार नाही. गोळी आणि हत्यार यांची जुळणी प्रत्यक्षात कशी करतात, तिच्यावर किती भरवसा ठेवता येतो आणि कुठे थांबावं लागतं, एवढंच नीट सांगायचं आहे.

चाप ओढल्यावर

आपण बोलताना ज्याला सरसकट गोळी म्हणतो ते खरं तर काडतूस असतं. त्यात चार गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली छोटी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि पुढच्या तोंडाला घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की फायरिंग पिन टोपीवर आदळते, टोपीतलं मिश्रण पेटतं, त्यानं दारू पेटते. बंद जागेत एकदम तयार झालेला वायू गोळीला पुढं ढकलतो आणि पुंगळीला तेवढ्याच जोरानं मागं दाबतो. हा दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून जास्त असतो. पुढच्या सगळ्या तपासाचं मूळ इथेच आहे. इतक्या दाबाखाली मऊ धातू कडक धातूवर घासला किंवा चेपला गेला, तर कडक धातूवरची बारीकसारीक खूण मऊ धातूवर उतरते. पिस्तुलाची नळी पोलादाची. गोळी शिशाची किंवा शिशावर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच असलेली. पुंगळी पितळेची.

नळी आतून सरळ गुळगुळीत पाइपसारखी नसते. तिच्यात लांबीभर पीळ घेत गेलेल्या खाचा पाडलेल्या असतात आणि दोन खाचांच्या मधे उंचवटे राहतात. याला रायफलिंग म्हणतात. गोळी नळीच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित जाड असते, म्हणून ती या उंचवट्यांमध्ये रुतत, स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. या फिरण्यामुळेच ती हवेत कोलांट्या न खाता सरळ जाते. समजा पीळ २५ सेंटिमीटरमध्ये एक फेरा असा आहे आणि नळी १० सेंटिमीटरची आहे. मग नळीत गोळीचा अर्धा फेराही पुरा होत नाही. पण सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या वेगानं ती बाहेर पडते तेव्हा तिचं फिरणं सेकंदाला हजार फेऱ्यांच्या वर गेलेलं असतं. नळीतला तो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका प्रवास गोळीच्या अंगावर कायमचा कोरला जातो. नळीतल्या प्रत्येक उंचवट्याच्या जागी गोळीवर एक तिरका पट्टा उमटतो आणि त्या पट्ट्याच्या आत अगदी बारीक समांतर रेषा असतात.

या बारीक रेषा कुठून आल्या, हे उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर उभं राहिलेल्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. बोअर, म्हणजे आतलं भोक, बोटाला कितीही गुळगुळीत लागला, तरी टूलच्या धारेला बारीक चीर असेल तर तिची रेघ जॉबवर, म्हणजे घडवल्या जाणाऱ्या तुकड्यावर, उमटतेच. धार झिजते, तिचा कण उडतो, मधेच बर, म्हणजे धातूचा तुसा, अडकते. सकाळचा पहिला जॉब आणि दुपारचा पन्नासावा जॉब मापाला तंतोतंत एक असतील, गेज दोन्हीत सारखाच जाईल, पण पृष्ठभाग भिंगाखाली धरला तर दोन्ही वेगळे दिसतील. पिस्तुलाची नळीही अशीच कुठल्या तरी मशिनवर ड्रिल होते, रिमर फिरतो, मग खाचा पाडल्या जातात. त्या प्रत्येक पायरीवर टूल आपली खूण मागं ठेवतं. नंतर वापर, सफाई, गंज यांनी त्यात भर पडते.

आधी जात, मग व्यक्ती

परीक्षक लगेच त्या बारीक रेषांकडे वळत नाही. तो आधी मोठ्या गोष्टी बघतो. गोळीचा व्यास किती, वजन किती, कवच आहे का, पट्टे किती, त्यांची रुंदी किती, पीळ उजवा की डावा. हे सगळं बनवणाऱ्यानं आराखड्यातच ठरवलेलं असतं. कोल्ट कंपनीची हत्यारं पूर्वापार सहा खाचांची आणि डाव्या पिळाची म्हणून ओळखली जातात, तर स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरला बहुधा पाच खाचा आणि उजवा पीळ असतो. घटनास्थळाच्या गोळीवर सहा पट्टे आहेत आणि जप्त केलेल्या पिस्तुलाच्या नळीत पाचच खाचा आहेत, तर तिथेच प्रश्न मिटला. हे पिस्तूल ते नव्हे. असं ‘नाही’ म्हणणं हा या शास्त्राचा सगळ्यात पक्का भाग आहे. त्याची बातमी क्वचित होते, पण निरपराध माणसाच्या दृष्टीनं तीच सर्वांत मोलाची गोष्ट असते.

पाचाला पाच जुळले, पीळ जुळला, रुंदी जुळली, म्हणजे मात्र एवढंच कळलं की हत्यार याच जातीचं आहे. त्या जातीची हजारो हत्यारं बाहेर असू शकतात. बातम्यांत ‘७.६५ मिलिमीटरचीच गोळी निघाली’ असं आलं की अनेकांना जुळणी झाल्यासारखंच वाटतं. तसं नाही. ते फक्त माप आहे.

आपल्या जिल्ह्याला नेमबाजीची चांगली ओळख आहे, म्हणून मापाचं एक उदाहरण तिथलंच घेतो. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. या तिन्ही प्रकारांत पॉइंट टू टू म्हणजे साधारण ५.६ मिलिमीटरचं काडतूस वापरतात. त्याला बुडाशी वेगळी टोपी नसते. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेलं असतं आणि पिन काठावर आदळते. ७.६५ च्या पुंगळीत पिनेचा खड्डा मधोमध असतो. दोन रिकाम्या पुंगळ्या समोर ठेवल्या तर शाळकरी पोरालाही फरक दिसेल. जातीची ओळख इतकी ढोबळ असू शकते. खरं कठीण काम त्याच्या पुढं आहे.

आणि त्या पुढच्या कामात एक फसवी जागा आहे. काही खुणा जातीच्याही नसतात आणि एकट्या पिस्तुलाच्याही नसतात. एकाच टूलनं ओळीनं दहा नळ्या काढल्या आणि त्या टूलवरचा एक दोष त्या काळात बदललाच नाही, तर ती खूण दहाही नळ्यांत जवळजवळ तशीच उतरते. परीक्षकानं तिला एकाच पिस्तुलाची खूण समजलं तर तो चुकीच्या माणसाकडे बोट दाखवील. म्हणून परीक्षकाला फक्त सूक्ष्मदर्शकाचं ज्ञान असून भागत नाही. नळीतल्या खाचा कापून केल्या, ब्रोचनं केल्या, बटण ओढून केल्या की हातोड्यानं ठोकून घडवल्या, म्हणजे खाचा पाडायची कुठली रीत वापरली, हे त्याला माहीत असावं लागतं. काही आधुनिक पिस्तुलांत, जुन्या ग्लॉकमध्ये तर विशेषच, खाचांना तीक्ष्ण कडा नसतात, नळी आतून गोलसर बहुकोनी असते. अशा नळीतून गेलेल्या गोळीवर वाचण्याजोग्या रेषा फारच कमी राहतात.

टेबलावर काय होतं

संशयित हत्यार प्रयोगशाळेत आलं की आधी ते सुरक्षित आहे का, चालतं का, हे बघतात. मग त्यातून चाचणीच्या गोळ्या झाडतात. गोळी खराब न होता परत मिळायला हवी, म्हणून ती पाण्याच्या लांब टाकीत किंवा कापूस ठासून भरलेल्या पेटीत झाडतात. पाणी गोळीचा वेग काही फुटांत संपवतं आणि ती तळाशी जाऊन बसते. एकच नाही, दोन-तीन गोळ्या झाडतात. यामागचं कारण फार महत्त्वाचं आहे. त्या चाचणीच्या गोळ्या आधी एकमेकींशी जुळवून बघायच्या असतात. एकाच नळीतून आत्ता सुटलेल्या दोन गोळ्याच एकमेकींशी नीट जुळत नसतील, तर ती नळी खुणा सातत्यानं उमटवत नाही. मग घटनास्थळाच्या गोळीशी तुलना करून काय मिळणार?

तुलनेचं यंत्र म्हणजे कंपॅरिझन मायक्रोस्कोप. दोन सूक्ष्मदर्शक शेजारी शेजारी असतात आणि वरून एका पुलानं जोडलेले असतात. डोळा एकाच जागी लावायचा. डाव्या अर्ध्या भागात एक गोळी दिसते, उजव्या अर्ध्या भागात दुसरी, मधे एक बारीक सीमारेषा. अमेरिकेत फिलिप ग्रॅव्हेल आणि कॅल्विन गोडार्ड यांनी १९२५ च्या सुमारास हे जोडयंत्र या कामाला लावलं आणि आजही जगभर त्याच तत्त्वावर काम चालतं.

गोळ्या मेणानं किंवा छोट्या धारकानं बसवतात. उजेड सरळ वरून टाकला तर सगळं चकाकतं आणि काहीच कळत नाही. तो बाजूनं, अगदी तिरपा टाकतात, म्हणजे प्रत्येक रेघेची एक कड उजळते आणि दुसरी सावलीत जाते. मग डावीकडची चाचणीची गोळी स्थिर ठेवून उजवीकडची घटनास्थळाची गोळी अगदी हळू फिरवत न्यायची. एक पट्टा समोर येतो, नाही जुळत. पुढचा, नाही. पुढचा. कुठे तरी सीमारेषेच्या डावीकडून आलेली जाड रेघ उजवीकडे तशीच पुढं गेलेली दिसते, तिच्या खालच्या दोन बारीक रेघा, मग मोकळी जागा, मग पुन्हा तीन दाट रेघा. आता खरी परीक्षा. दोन्ही गोळ्या एकदम, सारख्याच कोनातून पुढच्या पट्ट्यावर न्यायच्या. एकाच नळीतून सुटल्या असतील तर तिथेही मेळ दिसायला हवा. एका पट्ट्यावरचा मेळ योगायोग असू शकतो. सलग पट्ट्यांवर, ठरावीक अंतरानं मेळ दिसत गेला, तर योगायोगाची शक्यता झपाट्यानं कमी होते.

सगळ्या रेषा मात्र कधीच जुळत नाहीत. प्रत्येक गोळीचा धातू, वेग, नळीतली काजळी यांत थोडा फरक असतोच. आल्फ्रेड बियासोटी यांनी १९५९ मध्ये रेषा मोजून दाखवलं, की एकाच हत्याराच्या गोळ्यांवरही मोठ्या संख्येनं रेषा जुळत नाहीत, आणि निरनिराळ्या हत्यारांच्या गोळ्यांवरही काही रेषा निव्वळ योगायोगानं जुळतात. फरक पडतो तो ओळीनं जुळणाऱ्या रेषांत. त्यातून पुढं निकष आला. रेषांना खोली दिसत असेल तर एकाच जागी ओळीनं सहा, किंवा ओळीनं तीन-तीनचे दोन गट जुळायला हवेत. रेषा सपाट दिसत असतील तर ओळीनं आठ, किंवा पाच-पाचचे दोन गट. हा निकष सगळे परीक्षक वापरत नाहीत. बरेच जण अनुभवावर ‘पुरेसा मेळ आहे’ असं ठरवतात. या पद्धतीवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप इथेच आहे, त्याकडे येतोच.

पुंगळी जास्त बोलते

वाचकांचं लक्ष गोळीकडे असतं, पण तपासात पुष्कळदा पुंगळी जास्त उपयोगी पडते. गोळी हाडावर, भिंतीवर, दगडावर आपटून चेपते, फाटते, तिचे तुकडे होतात. पुंगळी जागेवर पडलेली असते, तीही बहुधा धड. स्वयंचलित पिस्तूल प्रत्येक फैरीनंतर पुंगळी बाहेर फेकतं. रिव्हॉल्व्हर फेकत नाही, ती चक्रातच राहते. म्हणून रस्त्यावर पुंगळ्या सापडल्या की पहिला अंदाज पिस्तुलाचा बांधतात.

पुंगळीच्या बुडावर बघायला बरंच असतं. पिनेच्या टोकानं टोपीत पाडलेला खड्डा, त्याचा आकार, तो मधोमध की कडेला, खड्ड्याच्या तळातल्या बारीक खुणा. पिस्तुलातल्या मागच्या पोलादी भिंतीवर टोपी दाबली गेल्यामुळे त्या भिंतीवरच्या कानशीचे ओरखडे टोपीवर उलटे उमटतात. पुंगळीला ओढून काढणाऱ्या आकड्याचा काठावरचा चावा वेगळा आणि बाहेर भिरकावणाऱ्या कोपऱ्याचा धक्का वेगळा. या दोन खुणांमधल्या कोनावरूनही हत्याराच्या रचनेचा अंदाज येतो. सावध मात्र राहावं लागतं. काडतूस नुसतं भरून, न झाडता काढलं तरी आकड्याचा ओरखडा उमटू शकतो.

हत्यार हाती नसतानाही पुंगळ्या बोलतात, ही गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. दोन शहरांतल्या दोन गुन्ह्यांतल्या पुंगळ्या एकमेकींशी ताडून बघता येतात. जुळल्या तर दोन्ही ठिकाणी एकच हत्यार होतं असं मत देता येतं, ते हत्यार खाडीत फेकलेलं का असेना. पानसरे, दाभोलकर, कलबुर्गी आणि लंकेश प्रकरणांचा एकमेकांशी संबंध शोधताना तपास यंत्रणांनी अशीच तुलना करून घेतली. त्यात प्रयोगशाळांच्या मतांत फरक पडल्याचं सीबीआयनं मुंबई उच्च न्यायालयात सांगितलं होतं. स्कॉटलंड यार्डचं मत घेण्याचा विचार झाला, तो पुढं गेला नाही, आणि काम गुजरातच्या प्रयोगशाळेकडे गेलं. या मतभेदानं तेव्हा अनेकांचा विश्वास डळमळला. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. मतभेद उघड झाला, न्यायालयापुढं आला आणि तिसऱ्याकडून तपासून घ्यावंसं वाटलं, हे या शास्त्राच्या स्वभावाला धरूनच आहे. कारण शेवटी हे तज्ज्ञाचं मत आहे, तराजूचा आकडा नाही.

‘नाही’ म्हणण्याची ताकदही पुंगळ्यांनीच एकदा जगाला दाखवली. १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोत सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं. मारेकऱ्यांत काही जण पोलिसांच्या गणवेशात होते, त्यामुळे संशय खुद्द पोलिसांवर आला. जागेवर ७० पुंगळ्या मिळाल्या. गोडार्ड यांनी त्या तपासून सांगितलं, दोन थॉम्सन बंदुका होत्या, एकीतून ५० आणि दुसरीतून २० फैरी झडल्या. मग पोलिसांकडच्या थॉम्सन बंदुका तपासल्या, एकही जुळली नाही. वर्षाअखेरीस मिशिगनमधल्या एका गुंडाच्या घरात दोन थॉम्सन सापडल्या आणि त्या जुळल्या.

गावठी कट्ट्याचं काय?

आतापर्यंत लिहिलं ते कारखान्यात बनलेल्या हत्याराला नीट लागू पडतं. आपल्याकडच्या गुन्ह्यांत मात्र गावठी हत्यारं भरपूर असतात. पुष्कळशा कट्ट्यांची नळी म्हणजे साधा पाइप असतो. आत खाचाच नाहीत, म्हणून गोळीवर पट्टेही नाहीत. नळी गोळीपेक्षा सैल असेल तर गोळी आत लटपटत जाते, कधी एका बाजूला घासते, कधी दुसऱ्या. त्याच कट्ट्याच्या दोन गोळ्या एकमेकींशी जुळणार नाहीत असंही होतं. नळीचा धातू कच्चा असला तर दर फैरीला ती स्वतःच बदलत जाते. अशा वेळी परीक्षकानं ‘मत देता येत नाही’ असं लिहिलं, तर त्यानं कुणाला पाठीशी घातलं असं नसतं. ते प्रामाणिक उत्तर असतं.

पण गावठी हत्याराचा मागचा भाग अनेकदा उलट वागतो. तो हातानं कानस मारून केलेला असतो. कारखान्याच्या गुळगुळीत भिंतीपेक्षा त्याच्यावरचे ओरखडे जास्त ठळक आणि जास्त वेडेवाकडे असतात, पिनेचं टोकही ओबडधोबड असतं. त्यामुळे पुंगळी उत्तम जुळू शकते. कलुआ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९५० च्या दशकातल्या खटल्यात मृताच्या खाटेजवळ एक काडतूस सापडलं होतं आणि पुढं आरोपीकडून गावठी पिस्तूल मिळालं. तज्ज्ञानं त्यातून चाचणीची काडतुसं झाडून खुणा ताडल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं तो पुरावा मानला.

बारा बोअरच्या बंदुकीची गोष्ट आणखी वेगळी. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडे पीकसंरक्षणासाठी ती माहीत आहे. तिची नळी आतून गुळगुळीत असते आणि गोळीऐवजी छर्रे सुटतात. छर्ऱ्यांवरून बंदूक ओळखता येत नाही. छर्ऱ्यांचा आकार, किती पसरले यावरून अंतराचा अंदाज आणि पुंगळी मिळाली तर तिच्या बुडावरच्या खुणा, एवढ्यावर काम भागवावं लागतं. ठासणीच्या बंदुकीला तर पुंगळीच नसते.

प्रयोगशाळेच्या आधीच बिघडतं ते

सूक्ष्मदर्शकाखाली जाण्याआधी गोळी किती हातांतून जाते याचा विचार करा. शवविच्छेदनात ती काढताना दातेरी चिमटा वापरला, तर चिमट्याचे ओरखडे तिच्यावर कायमचे बसतात, तेही नेमके वाचायच्या पट्ट्यावर. म्हणून बोटांनी किंवा रबर लावलेल्या चिमट्यानं काढायची, कोरडी करायची, कापसात किंवा मऊ कागदात वेगळी गुंडाळायची. दोन गोळ्या एका डबीत टाकायच्या नाहीत, त्या एकमेकींवर घासतात. ओळखीची खूण बाजूच्या पट्ट्यांवर करायची नाही. पिस्तूल सापडलं तर नळीत पेन्सिल किंवा सळई घालून ते उचलायचं नाही. कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयातल्या शवविच्छेदनाच्या टेबलापासून पोलिस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीपर्यंत आणि तिथून प्रयोगशाळेपर्यंत प्रत्येक वेळी सील, सही, तारीख, वेळ लागते. पंचनाम्यात तीन पुंगळ्या आणि पाकिटात चार निघाल्या, तर जगातला सर्वोत्तम परीक्षकही ती केस वाचवू शकत नाही.

कोल्हापुरात राज्याची प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. या प्रयोगशाळांच्या संचालनालयाचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ च्या तिसऱ्या पोटकलमानं सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञानं जाण्याची तरतूद केली आहे. ती टप्प्याटप्प्यानं अमलात यायची आहे. माझ्या मते गोळ्यांच्या पुराव्याला सर्वांत मोठा फायदा यातूनच होईल. महागड्या यंत्रानं होईल त्यापेक्षा जास्त.

किती खात्री?

अहवालात चारांपैकी एक उत्तर येतं. याच हत्यारातून सुटली, या हत्यारातून नाही, निश्चित सांगता येत नाही, किंवा गोळी तुलनेलायक नाही. पहिलं उत्तर ऐकताना माणसाला ‘शंभर टक्के’ ऐकू येतं. तिथेच गफलत होते.

अमेरिकेत २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळानं या विषयावरचे अभ्यास तपासले. नीट आखलेला एकच अभ्यास त्यांना तेव्हा मिळाला. त्यात २१८ परीक्षकांना पुंगळ्या दिल्या होत्या. वेगळ्या पिस्तुलांच्या पुंगळ्यांच्या २,१८० तुलनांपैकी २२ वेळा परीक्षकांनी चुकून ‘जुळतात’ म्हटलं आणि ७३५ वेळा ‘सांगता येत नाही’ म्हटलं. ज्यांत ठाम उत्तर दिलं तेवढ्याच धरल्या तर साधारण ६६ मध्ये एक चूक पडते. हे प्रमाण लहान आहे. पण ते शून्य नाही, आणि कुणाच्या तरी जन्मठेपेचा प्रश्न असतो तेव्हा शून्य आणि ६६ मध्ये एक यातला फरक प्रचंड असतो. डेट्रॉइट शहराच्या पोलिसांची प्रयोगशाळा २००८ मध्ये बंदच करावी लागली, कारण तपासणीत हत्यारांच्या तुलनेतल्या चुका मोठ्या प्रमाणात निघाल्या. मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये अब्रुक्वा खटल्यात सांगितलं की तज्ज्ञानं ‘ही गोळी याच पिस्तुलातून सुटली’ असं बिनशर्त म्हणायला नको होतं.

चूक होते ती बहुतेक वेळा डोळ्यामुळे नाही, मनामुळे. ‘आरोपीकडचं पिस्तूल आहे, जुळतंय का बघा’ असं सांगून पाकीट दिलं, तर बघणारा नकळत मेळ शोधायला लागतो. दुसरा परीक्षक पहिल्याचं उत्तर माहीत असताना तपासत असेल तर तो खरा तपासतच नसतो. यावर उपाय अवघड नाहीत. परीक्षकाला प्रकरणाची गोष्ट सांगू नये. दुसऱ्या परीक्षकाला पहिल्याचं मत कळू नये. शक्य असेल तिथे त्याच जातीची दोन-चार वेगळी हत्यारंही सोबत ठेवावीत. आता पृष्ठभागाची त्रिमितीय मोजणी करून संगणकानं साम्याचा आकडा काढण्याचं कामही जगात वेगानं चालू आहे. त्यातून तज्ज्ञाच्या मतासोबत एक मोजमाप उभं राहील. त्याची आपल्याकडे फार गरज आहे.

आपल्या कायद्यात तज्ज्ञाचं मत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली येतं. सरकारी वैज्ञानिकाचा अहवाल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार थेट दाखल होऊ शकतो, पण न्यायालयाला वाटलं तर त्याला बोलावून उलटतपासही घेता येतो. तिथे विचारायचे प्रश्न असे. चाचणीच्या किती गोळ्या झाडल्या? त्या आधी एकमेकींशी जुळल्या का? किती पट्ट्यांवर मेळ दिसला? जुळलेल्या खुणा अनेक नळ्यांत सारख्याच उतरणाऱ्या टूलच्या दोषातून आल्या नाहीत हे कसं ठरवलं? सीमारेषेसह छायाचित्रं काढली का, असली तर ती कुठे आहेत? दुसऱ्या परीक्षकानं स्वतंत्रपणे बघितलं का? ज्या अहवालात या प्रश्नांची उत्तरं सापडतात त्याचं वजन मी मोठं मानतो. ज्यात फक्त एका ओळीचा निष्कर्ष आहे, त्याचं तेवढं मानत नाही, मग तो निष्कर्ष मला पटणारा का असेना.

रक्ताचा किंवा रसायनाचा नमुना चाचणीत पुष्कळदा संपून जातो. गोळी आणि पुंगळी संपत नाहीत. नीट सीलबंद ठेवल्या, गंज लागू दिला नाही, तर दहा वर्षांनीही दुसऱ्या प्रयोगशाळेतला, किंवा बचाव पक्षानं आणलेला परीक्षक त्याच गोळीचा तोच पट्टा भिंगाखाली धरून बघू शकतो. म्हणून मूळ छायाचित्रं, चाचणीच्या गोळ्या आणि घटनास्थळाचा मुद्देमाल अपिलाचा शेवट होईपर्यंत जपून ठेवले पाहिजेत आणि मागितल्यावर दोन्ही बाजूंना दाखवले पाहिजेत.